सहा चाळीसची नोंद

सुपेल्यातल्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथं आम्ही शाळांच्या आणि दुकानांच्या वेबसाइट सांभाळतो. माणसं इनमिन चार. त्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो: मी, आणि रायपूरच्या वाटेवरच्या कुम्हारीहून रोज बसने येणारा एक सहकारी. त्याचे वडील रेल्वेत होते, माझे स्टील प्लांटमध्ये. दिवसभर सगळ्यांची हिंदी, पण दुपारी डबा उघडला की आमची मराठी सुरू व्हायची. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा.

एका शाळेचा निकाल दुपारी एक वाजता साइटवर उघडायचा होता. आदल्या संध्याकाळी मीच तो चढवून ठेवला होता. एक वाजला आणि पान कोरं. शाळेतून फोनवर फोन. पाहते तर निकालाचं अख्खं फोल्डरच सर्व्हरवरून कोणीतरी काढून टाकलेलं.

मी सर्व्हरचा लॉग उघडला. साइटवर कोण आलं, केव्हा आलं, काय केलं, याची ओळीओळीने नोंद त्यात असते. घाईत मी फक्त फोल्डर काढल्याची ओळ शोधली. वेळ सहा चाळीस. सोबतचा आयपी नंबर, म्हणजे ज्या नेटवरून ते काम झालं त्याचा नंबर, ऑफिसचा नव्हता. नंबर कुणाचा ते शोधणाऱ्या टूलमध्ये तो टाकला, तर एका मोबाइल कंपनीचं लांबलचक नाव आलं आणि त्यात 'रायपूर'. सकाळी सहा चाळीसला ऑफिसला तर कुलूप असतं. पासवर्ड तिघांकडेच. आणि तिघांत रायपूरच्या बाजूला राहणारा एकच.

मालक मागे उभे राहून बघत होते. "वही है," ते म्हणाले.

त्याला बोलावलं. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि विचारल्यासारखं केलं. "सुबह छह चालीस पे तुमने ही डिलीट किया ना?" त्याच्याशी मी कधी हिंदीत बोलले नव्हते.

त्याने स्क्रीनवरची ती ओळ शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, "सकाळी सहा चाळीसले मी घरी पाणी भरून राहिलो होतो, ताई."

बस, एवढंच. मालक ओरडत राहिले. त्याने ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली, डबा उचलला आणि निघून गेला. मी खुर्चीतून उठलेही नाही. माझ्याकडच्या कॉपीवरून निकाल परत चढवला.

आठवडाभराने मी एका दुकानाची रेटलिस्ट चढवली. चार वाजले होते, चहा नुकताच आला होता. चढली का ते बघायला लॉग उघडला तर वेळ साडेदहा. सर्व्हरचं घड्याळ बिघडलं वाटतं, म्हणून मी हसले. मग वेळेच्या पुढे लिहिलेलं दिसलं: अधिकचं चिन्ह आणि चार शून्यं. ते घड्याळ आपल्याकडचं नव्हतंच. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागचं होतं.

सहा चाळीस आणि साडेपाच तास. बारा दहा.

त्या दिवशी बाराच्या आधी सुपेल्यात लाइट गेली होती. ऑफिसचं नेट बंद. मी माझ्या फोनचं नेट लॅपटॉपला जोडून गेल्या वर्षीच्या निकालाचं जुनं फोल्डर काढून टाकलं होतं. सर्व्हरवर जाऊन पाहिलं. जुनं फोल्डर जागच्या जागी होतं; म्हणजे मी काढलं ते नवंच. फोनचा आयपी त्याच टूलमध्ये टाकला, तेच लांबलचक नाव, तेच 'रायपूर'. त्या नावावरून कंपनीचं नेट कुठून येतं तेवढंच कळतं, माणूस कुठे बसलाय ते नाही. हे मला माहीत होतं. नव्या लोकांना मीच शिकवायची.

मालकांना सांगितलं. "अब रहने दो," ते म्हणाले. "स्कूल को बोल चुके हैं कि उसे निकाल दिया।"

दुसऱ्या दिवशी मी कुम्हारीची बस धरली. त्याच्या आईने दार उघडलं, बसायला सांगितलं. तो बाहेर आला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "स्क्रीन पाहिली तवाच. ते शून्य दिसले ना मले. बारा वाजता तुमच्याशिवाय कोणाचं नेट चालू होतं?"

मी विचारलं, "मंग सांगितलं कावून नाही रे?"

"तुम्ही इचारलं कुठं, ताई? तुम्ही तर सांगून राहिल्या होत्या."

आतून आईने विचारलं, "चहा ठेवू का?"

"नको," तो म्हणाला. "त्यायची बस हाये."

परतल्यावर मी शाळेच्या प्राचार्यांना मेल लिहिला: चूक माझी होती, त्याची नव्हती. एक प्रत त्यालाही पाठवली. मालक महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्याला त्यांनी परत बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी तो आला असता असं वाटत नाही. पुढे त्याला रायपुरात काम मिळाल्याचं दुसऱ्यांकडून कळलं. माझा मेल त्याने तिथं दाखवला की नाही, मला माहीत नाही.