सात नंबरची पुलिया

नवा रायपूर तेव्हा खरोखरच नवा होता. रस्ते सहापदरी, आणि त्यावर माणूस नाही. सेक्टर आखलेले, दिव्यांचे खांब ओळीत उभे, चौकाचौकात गोल बगीचे, फक्त घरं यायची राहिली होती. रिकाम्या भूखंडांवर कमरेएवढं गवत, मधेमधे जुने तलाव आणि कडेला ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं राहत होतं ती गावं. मी वाढलो जुन्या शहरातल्या तात्यापाऱ्यात. तिथल्या आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या की एकीला मागं सरावं लागायचं. त्यामुळे ती मोकळी जागा पाहून मला हावच सुटली.

मी सरकारी कचेरीत मानचित्रकार, म्हणजे नकाशे काढणारा. दिवसभर दुसऱ्यांसाठी नकाशे काढायचे, ते फायलीत जायचे आणि मग कोणी उघडून पाहायचं नाही. एका हिवाळ्यात दर रविवारी स्कूटरवर फिरून, पावलं मोजून मी नव्या राजधानीच्या चार सेक्टरांचा नकाशा माझ्या आनंदासाठी काढला. एकेक झाड, एकेक खड्डा, नाल्यावरची एकेक पुलिया त्यात होती. एका शाळेतल्या क्रीडाशिक्षकानं तो पाहिला आणि म्हणाला, “भैया, इस पर तो ओरिएंटियरिंग हो सकती है.” तिथून माझे रविवार गेले ते गेलेच.

खेळ सोपा आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन पळायचं. नकाशावर गोल केलेले असतात आणि त्या प्रत्येक जागी प्रत्यक्षात एक पांढरा-नारंगी झेंडा टांगलेला असतो. झेंड्याला एक पंच बांधलेला असतो. त्यानं आपल्या कार्डावर त्या नंबरच्या चौकटीत टोचून घ्यायचं आणि पुढं निघायचं. सगळे झेंडे क्रमानं घेऊन जो आधी परत येईल तो जिंकला. एक चौकट जरी रिकामी राहिली तरी बाद.

पळणाऱ्यांसाठी सोपा, असं म्हणायला हवं. स्पर्धा भरवणारे आम्ही मोजून तिघं: मी, तो क्रीडाशिक्षक आणि माझी बायको. बाकीचे स्वयंसेवक लग्नसराई बघून यायचे. परवानगी नेमकी कोणाची घ्यायची हे त्या नव्या शहराला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे आम्ही तीन कचेऱ्यांत अर्ज देऊन तिन्हीकडून “हमारे यहाँ नहीं” असं ऐकून यायचो. रिकाम्या भूखंडावरचा पहारेकरी विचारायचा, “ये किस पार्टी का झंडा है?” शेळ्या झेंड्याचं कापड आवडीनं खायच्या. एकदा गावातल्या एका बाईनं झेंडा उपटून घरात नेऊन ठेवला. झेंडा लागला की मागोमाग मोजणीवाले येतात, हा तिच्या गावाचा अनुभव होता. तिची समजूत काढायला मला अर्धा दिवस लागला, आणि खरं सांगायचं तर चूक तिची नव्हतीच.

हे सगळं मला आवडायचं. कचेरीत मला कोणी विचारत नव्हतं. इथं मी सगळ्यांच्या डोक्यावर बसलो होतो. झेंडा सापडला नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की माझं उत्तर ठरलेलं: “पहले नक्शा पढ़ना सीखो.” बायको म्हणायची, “तुमच्या आवाजानं पोट्टे पळून राहिले, नकाशानं नाही.”

एका वर्षी आमच्याच स्पर्धेतून राज्याचा संघ निवडायचं ठरलं. मुलींच्या गटातल्या पहिल्या तिघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. त्यांत कारखान्यांच्या वस्तीतून, उरल्याहून येणारी एक कॉलेजातली मुलगी होती. वडील रोलिंग मिलमध्ये पाळीवर. मुलगी वर्षभर दर वेळी दोन बस बदलून यायची आणि पळून झालं की बायकोशेजारी कार्डं लावत बसायची. तिनंच बायकोला सांगितलं होतं की घरी शेवटचं ठरलंय. पहिल्या तिघीत आली तर वडील तिला बाहेरच्या राज्यात पाठवणार. नाही आली तर हे कागद घेऊन पळणं बंद, रविवारी घरकाम.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी झेंडे लावायला निघालो. नियमानं एकानं लावायचे आणि दुसऱ्यानं तपासायचे. पण क्रीडाशिक्षकाला दुर्गला भावाच्या लग्नाला जायचं होतं. मी मोठ्या मनानं म्हटलं, जाऊन ये, नकाशा माझा, जागा माझ्या पाठ, त्यात तपासायचं काय.

मुलींच्या वाटेवरचा सात नंबरचा झेंडा एका लांब सरळ रस्त्यावर होता. त्या रस्त्याखालून पावसाचं पाणी जायला सहा पुलिया बांधल्या होत्या, सगळ्या एकाच साच्यातल्या, एकच कठडा, एकच पिवळा रंग. झेंडा लावायचा तलावाकडून चौथ्या पुलियाला. पण त्या दिवशी कोणीतरी मोठे पाहुणे राजधानीत यायचे होते, म्हणून तलावाकडचं तोंड पोलिसांनी बंद केलं होतं. मी मोठा वळसा घालून दुसऱ्या टोकानं शिरलो, चार पुलिया मोजल्या, चौथीला झेंडा टांगला आणि शीळ वाजवत पुढं गेलो. नकाशा स्कूटरच्या डिकीत होता. तो काढायचं माझ्या मनातही आलं नाही.

रविवारी सगळं छान चाललं होतं. ऊन कोवळं, चहा गरम, पाण्याचा ड्रम वेळेवर आलेला. क्रीडाशिक्षक लग्नातून थेट आला होता, कपाळावर अक्षता तशाच. उरल्याच्या मुलीचे वडील रात्रपाळी संपवून थेट मैदानावर आले होते. शर्टावर लोखंडाची काळी धूळ, हातात जेवणाचा डबा. आपली मुलगी रविवारी काय करते ते बघायला ते पहिल्यांदाच आले होते आणि बसा म्हटलं तरी बसत नव्हते.

मुली एकेक करून परत आल्या. ही आली ती सगळ्यांत शेवटी. बायकोनं कार्ड पाहिलं. सातवी चौकट कोरी.

“सर, सात नंबर वहाँ नहीं है,” ती मला म्हणाली. धाप लागलेली होती, पण आवाज ठाम होता.

माझं डोकं तापलं. “बाकी सबको मिला, एक तुमको ही नहीं मिला?”

“मैं बहुत देर वहीं खड़ी रही, सर. सब तरफ देखा.”

“पहले नक्शा पढ़ना सीखो,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मैदानाच्या पार पलीकडे ऐकू जातो. “दौड़ना तो कोई भी दौड़ लेता है.”

वडिलांनी डबा या हातातून त्या हातात घेतला, तिला म्हणाले, “चल,” आणि दोघं बसच्या थांब्याकडे चालू लागले. बायकोनं ते कोरं कार्ड बाजूला ठेवलं, बाकीच्यांत मिसळलं नाही.

बक्षिसांना अजून तासभर होता, म्हणून मी झेंडे गोळा करायला निघालो. पोलीस शनिवारी रात्रीच गेले होते आणि तलावाकडचा रस्ता मोकळा होता. पहिली पुलिया गेली, दुसरी गेली, तिसऱ्या पुलियाला माझा सात नंबर डुलत होता. मी स्कूटर थांबवून पुन्हा मागं वळून मोजल्या. तीनच. सहातली चौथी दुसऱ्या टोकानं मोजली की तलावाकडून तिसरी होते, हे शाळेतल्या पोरालाही कळेल.

झेंडा काढून मी चालत चौथ्या पुलियापर्यंत गेलो. खाली ओलसर माती होती. तिच्यावर एकाच जोडी बुटांचे ठसे होते, कठड्याच्या या बाजूला, त्या बाजूला, खाली नळीच्या तोंडाशी, पुन्हा वर. बाकीच्या मुली तलावाकडून रस्त्यानं आल्या होत्या, त्यांना वाटेत झेंडा दिसला, नंबर बरोबर होता, त्यांनी टोचलं आणि त्या पुढं गेल्या. कितवी पुलिया ते कोण मोजतंय? हिनं होकायंत्र धरून मैदान कापलं आणि नकाशावर गोल होता तिथं येऊन उभी राहिली. पंधराजणींत नकाशा वाचणारी ती एकटी, आणि तिलाच मी नकाशा वाचायला शिक म्हणून सांगितलं होतं.

मी कठड्यावर बसलो. आधी पाहुण्यांवर खापर फोडलं, मग क्रीडाशिक्षकाच्या भावावर, मग सगळ्या पुलिया एकसारख्या बांधणाऱ्यावर. ते झाल्यावर मनात आलं, झेंडा आता माझ्या पोत्यात आहे, कुठं लावला होता ते कोणाला कळणार आहे? हा विचार मी चांगला पाच-सात मिनिटं केला. लपवून काय उपयोग, केला.

परत आलो तर बायको म्हणाली, “काहून असं तोंड करून आले?”

मी तिला आणि क्रीडाशिक्षकाला सांगून टाकलं. तो बिचारा हादरला. मुलींचा निकाल रद्द करून शर्यत पुन्हा घ्यावी लागणार, नावं पाठवायला उशीर होणार, तीन घरची माणसं भांडणार. तो हळूच म्हणाला, “भैया, अभी किसी को पता नहीं है. एक ही लड़की की तो बात है.”

मी बायकोकडे पाहिलं. ती कार्डांना रबर लावत होती.

“त्या पोट्टीले किती मोठ्यानं बोलले होते तुम्ही?” तिनं विचारलं.

“सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या.”

“मंग तितक्याच मोठ्यानं हेही सांगा.”

मी माइक घेतला आणि सांगितलं. झेंडा मी चुकीच्या जागी लावला, उरल्याची मुलगी बरोबर जागी गेली होती, मी तिला विनाकारण बोललो, मुलींची शर्यत पुढच्या रविवारी परत होईल. पहिल्या आलेल्या मुलीची आई पुढं येऊन म्हणाली, “आपकी गलती की सजा हमारी बच्ची क्यों भुगते?” मी म्हणालो, तुमचं बरोबर आहे. त्या दिवशी मी जितक्या लोकांना तुमचं बरोबर आहे म्हणालो, तितक्यांना आयुष्यात म्हणालो नसेन.

सोमवारी कचेरीतून लवकर निघून बायकोला घेऊन उरल्याला गेलो. ट्रकांच्या रांगेतून, धुळीतून विचारत विचारत घर सापडलं. वडील नुकतेच झोपून उठले होते. मी दारातच सगळं सांगितलं.

“तो लड़की सही थी,” ते म्हणाले.

“हव. सही थी.”

“मैंने पूरे रास्ते उसको सुनाया. बस में सबके सामने.”

आम्ही दोघंही तिला बोलून बसलेले. ती आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. बायको आत जाऊन बराच वेळ तिच्याशी बोलली. मी तिच्या वडिलांना म्हणालो की तिला एकदा बोलवा, मला माफी मागायची आहे. त्यांनी हाक मारली. ती दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली, मी माफी मागितली, तिनं मान हलवली आणि परत आत गेली. रागावली होती, आणि तो तिचा हक्कच होता. निघताना वडील एवढंच म्हणाले, “इतवार को लेके आऊँगा.”

पुढच्या शनिवारी झेंडे मी लावले, नकाशा हातात धरून. क्रीडाशिक्षकानं तपासले. त्याच्यामागून मी पुन्हा तपासले. रविवारी चौदा मुली आल्या, एकीनं रागानं येणं टाळलं. उरल्याची मुलगी दुसरी आली. बायकोनं कार्ड दोनदा पाहिलं, सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या, आणि मग तिला जवळ घेतलं. वडील लांब उभे होते, डबा हातात तसाच. मला इतकं बरं वाटलं की मी समोर दिसेल त्याला चहा देत सुटलो.

चहा पिऊन झाल्यावर ते माझ्याकडे आले. “वो पुलिया कौन सी थी? मुझे दिखाओगे?”

मी नकाशा घेतला, त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि चौथ्या पुलियाशी नेलं. नकाशावरचा गोल दाखवला, मग समोरचा कठडा दाखवला. ते खाली उतरले, नळीच्या तोंडाशी वाकून पाहिलं, परत वर आले. “और उस दिन झंडा कहाँ था?”

मी तलावाकडे बोट केलं. तिथं तिसऱ्या पुलियावर क्रीडाशिक्षक गोळा केलेल्या झेंड्यांचं पोतं घेऊन बसला होता. मधे झाड नाही, भिंत नाही, नुसतं गवत. त्याचा निळा शर्ट आणि पोत्यातून डोकावणारं नारंगी कापड इथून स्वच्छ दिसत होतं. हे माझ्या लक्षात तोवर आलंच नव्हतं.

“यहाँ से तो सब दिखता है,” ते म्हणाले.

“हव.”

“बाकी लड़कियाँ वहाँ जाती दिखी होंगी.”

“दिखी होंगी.”

“फिर भी नहीं गई,” ते म्हणाले.

“नक्शे में वहाँ नहीं था,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातला नकाशा घेतला, हातात उलटा आला होता तो सुलटा केला आणि त्या गोलावर अंगठा ठेवून पाहिलं. मग विचारलं, हा कागद मी ठेवून घेऊ का? मी म्हटलं, ठेवा. त्यांनी त्याची नीट चौपदरी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी काढलेला नकाशा कोणी मागून घेतला, तो हा पहिला.