वाईच बस

सगुणाआत्या गेल्याचं मला कळलं ते साताऱ्याच्या चर्चमध्ये, उपासना सुटल्यावर. पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं... आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "पण परवाच तर भेटून आले!" जणू भेटून आले म्हणजे मी सुटले! महिना उलटला, पण ते वाक्य अजून मला खातंय.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, मूळची कोरेगावची. मिरजेच्या इस्पितळात आया होती. माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, शिकवून मास्तरीण केलं. रिकामा हात तिला खपत नसे. "येळ देवाचा हाय, आपल्या बापाचा न्हाई," म्हणायची आणि माझ्या हातात विणायच्या सुया द्यायची. पण तिची स्वतःची रीत निराळीच. कामाची पाळी संपली की आपलं बुटकं लाकडी स्टूल उचलायची आणि ज्याचं कुणीच आलेलं नाही अशा रोग्याच्या खाटेशी जाऊन बसायची. नुसती बसायची! लहानपणी मी एकदा फणकाऱ्यानं म्हटलं, "मला विणायला लावतेस आणि तू मात्र बसून राहतेस?" तर हसून म्हणाली, "आगं, देवाला कमाईतला दशमांश द्याचा तर पैसा पायजे न्हवं? माज्याकडं येळच हाय, तवा येळंचा दशमांश काढती. बसनं बी कामच हाय, लय अवघड काम." मला ते आळसाचं सोंग वाटलं. विणकाम तेवढं मी मनापासून शिकले.

ती गेली त्याच आठवड्यातली गोष्ट. त्याच इस्पितळात ती आता स्वतः खाटेला खिळली होती. मी भेटायला गेले. फळं दिली, प्रार्थना केली, तिचे केस विंचरले, सगळं कसं झटपट. निघाले तर माझा हात धरून म्हणाली, "वाईच बस की गं."

मी पदर सावरत म्हटलं, "आत्या, गाडी चुकेल. वेळ वाया घालवू नये, हे तूच ना शिकवलंस?"

ती हसली. "व्हय बाई, माजंच मला शिकीव. जा, सलाम."

स्टेशनवर येऊन पाहते तर गाडीचा पत्ता नाही. लढाईचे दिवस, आधी लष्कराची गाडी सोडायची होती आणि आमची कधी येणार ते स्टेशनमास्तरांनाही सांगता येईना. इस्पितळ टांग्यानं कितीसं लांब? पण मी बाकावर बैठक मारली, सुया काढल्या आणि सैनिकांसाठीच्या मोज्याची टाच पुरी केली. वर, वेळ सार्थकी लागला म्हणून देवाचे आभारही मानले... काय म्हणावं या अकलेला! शरम वाटते हो लिहितानासुद्धा. ऊन उतरेपर्यंत मी तिथं बसले होते.

परवा तिथल्या नर्सबाई तिचं स्टूल घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर त्यांनी हे खाटेशेजारीच ठेवायला लावलं. कुणाला हलवू देईनात. 'गाडी चुकली तर यील ती माघारी,' म्हणायच्या." दिवेलागणीपर्यंत आत्या दाराकडे बघत होती म्हणे. मग तिनंच स्टूल उचलायला सांगितलं.

ते आता माझ्या खाटेशेजारी आहे. त्याच्यावर बसायचा धीर अजून होत नाही. नर्सबाईंना मी विचारलं होतं, उचलायला सांगताना आत्या काही बोलली का?

"हो," त्या म्हणाल्या. "'गाडी मिळाली वाटतं पोरीला. बरं झालं.'"