रंग न उमटलेली चित्रं

सिंधूला एका जागी बसवत नसे. परभणीहून ती म्हैसूरला आली ती हेब्बाळच्या मोठ्या कंपनीतल्या नोकरीसाठी. पगार चांगला होता, दारात बस येत होती, तरी तिचा जीव तिथे रमला नाही. दोन-तीन कंपन्या बदलून शेवटी ती घरूनच काम करू लागली. ज्यांची वाचा गेली आहे अशा माणसांसाठी अ‍ॅप बनवणारी ती छोटीशी कंपनी होती. पडद्यावर पाणी, चहा, औषध अशी चित्रं असायची. चित्राला बोट लावलं की फोन तो शब्द मोठ्याने बोलायचा.

ती आणि तिचा नवरा देवेश चामराजपुरममध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. खाली घरमालक तुकोजीराव आणि वनजाकाकू. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच; घरात मराठी बोलत, पण तीत कन्नड कुठे सुरू झाली ते त्यांनाही कळत नसे. तुकोजीरावांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर पाय सावरले, वाचा मात्र परतली नाही. दिवसभर ते या खोलीतून त्या खोलीत फिरत, काहीतरी सांगू पाहत, आणि जमलं नाही की काठी आपटत. तो आवाज वर आला की सिंधूही खुर्चीतून उठून फेऱ्या घालू लागे.

तिने आपलं अ‍ॅप त्यांच्या टॅबवर घालून दिलं. पण काकांची नजर अधू. चित्रं मोठी केली की त्यांच्या कडा विसकटत. म्हणून सिंधूने कंपनीतल्या चित्रकार मुलीकडून, अनुषाकडून, चित्रं एसव्हीजी फाइलमध्ये मागवली. अशा फाइलमध्ये ठिपके नसतात; रेघ कुठून कुठे न्यायची, आत कोणता रंग भरायचा, याच्या सूचना असतात. त्यामुळे चित्र कितीही ताणलं तरी स्वच्छ राहतं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी सिंधूचा कोड एकच होता. पहिली पाच-सहा चित्रं छान दिसली. उरलेली आली तेव्हा तिने ती लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडली, रंग पाहिले आणि फोनवर न तपासताच खाली टॅबवर चढवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी जिन्यातून हाक मारली. "सिंधू, स्वल्प खाली ये गं. सगळं काळंच होऊन बसलंय."

पडद्यावर नुसते काळे डाग होते. तुकोजीराव एका डागावर बोट ठेवत होते आणि टॅब म्हणत होता, "चप्पल." पुन्हा बोट, पुन्हा "चप्पल."

"सुम्ने, उगीच कुठंही बोट लावतायत बघ," काकू वैतागून म्हणाल्या. "चप्पल घेऊन यांना कुठं जायचंय?"

तुकोजीरावांनी टॅब पालथा घातला आणि ते आतल्या खोलीत निघून गेले.

सिंधू वर आली ती बसलीच नाही. ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानेच काम करू लागली. टॅब जुना आहे म्हणून असेल, असं तिला वाटलं. पण तिच्या नव्या फोनवरही सगळं काळंच होतं. अ‍ॅपमध्ये चित्रं दाखवण्यासाठी वापरलेल्या तयार कोडची, म्हणजे पॅकेजची, आवृत्ती बदलून पाहिली, तरी काळंच. ब्राउझरमध्ये मात्र तीच फाइल रंगीत. दोनदा ती रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. मग तिने अनुषाला फोन लावला.

"काही बदललंस का?"

"चित्रं तशीच आहेत. फाइल लहान व्हावी म्हणून एक्सपोर्ट करताना एक पर्याय बदलला, तेवढंच."

सिंधूने जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी उघडली. जुन्या फाइलमध्ये प्रत्येक आकाराजवळच त्याचा रंग लिहिलेला होता. नव्या फाइलमध्ये सगळे रंग वर एकत्र लिहून त्यांना नावं दिली होती आणि आकारांजवळ फक्त नावं होती. ब्राउझर वरचा मजकूर वाचत होता. पॅकेज तो सोडून देत होतं. आणि रंग सापडला नाही की आकार काळाच भरायचा, असा नियम.

"पण तुम्ही फोनवर उघडून पाहिलं नाही?" अनुषाने विचारलं.

"धीर निघाला नाही," सिंधू म्हणाली.

अनुषाने पर्याय पूर्ववत करून फाइली पुन्हा पाठवल्या. या वेळी सिंधूने एकेक चित्र आपल्या फोनवर आणि देवेशच्या आयफोनवरही तपासलं. काही चित्रांखालची मऊ सावली फोनवर येतच नव्हती. तिथे अनुषाने साधा करडा आकार काढून दिला.

दुपारी ती खाली गेली. तुकोजीराव टॅबकडे बघायलाच तयार नव्हते. काकूंनी चित्रं पडदाभर मोठी केली, तेव्हा ते वाकले. पाणी, चहा, औषध त्यांनी बोटाने पुढे सरकवलं. चपलेवर त्यांनी बोट ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं.

"काकू, काका सकाळीही उगीच बोट लावत नव्हते," सिंधू म्हणाली. "रंग नव्हता, तरी त्यांनी आकार ओळखला होता."

काकूंनी दाराकडे पाहिलं. "बाहेर म्हणजे... पडले तर?"

"मी जाते ना बरोबर."

तुकोजीराव रस्त्याला लागले ते थेट जवळच्या रेल्वे स्टेशनच्या दिशेने. सिंधूबरोबर चालणारी माणसं नेहमी मागे पडत. आज तिलाच पावलं उचलावी लागली. चामराजनगरची गाडी निघून गेली तरी ते तिथून हलेनात. तिने दंड धरून त्यांना परत आणलं. दारापाशी येईपर्यंत ते मान वळवून मागेच बघत होते.

संध्याकाळी तिने अनुषाकडे आणखी चित्रं मागितली: स्टेशन, गाडी, अजून.

"'अजून' कसं काढू?" अनुषाने विचारलं. तिने आधी काढलेलं ओंजळीत पडणाऱ्या लाडवांचं चित्र तुकोजीरावांनी बाजूला सारलं. अधिकचं चिन्हही सारलं. मग अनुषाने वळणापाशी दिसेनासा होणारा रस्ता काढून पाठवला. तो त्यांनी बोटांनी ताणून पडदाभर केला, जवळून न्याहाळला.

"अजून," टॅब म्हणाला.

काकूंनी हातातली पातेली खाली ठेवली. "थांबा हो," त्या म्हणाल्या, "साडी बदलून येते."