पहिला पेला

नवऱ्याच्या नव्या कंपनीत पार्ट्या फार. तिथे तो व्हिस्की सावर नावाचं कॉकटेल प्यायला आणि एका रविवारी दुपारी आमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये स्वतःच करायला घेतलं. सासऱ्यांच्या फौजी कॅन्टीनची व्हिस्की, लिंबाचा रस, साखरेचा पाक, अंड्यातला पांढरा बलक. सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून असं काही हलवलं, की ओटाभर शिंतोडे. मला सातवा महिना होता. आधीचं मूल राहिलं नव्हतं, म्हणून मी हसतानाही पोटावर हात ठेवायची.

सासरे मूळचे मालवणकडचे, जन्म गेला फौजेत. ते म्हणाले, "पहिला पेला जाग्याच्या राखणदाराला." गावी बाटली उघडली की पहिला वाटा त्याचाच.

"बाबा, इथे कसला राखणदार? बिल्डर आहे फक्त," म्हणत नवऱ्याने फेसासकट पेला घशात ओतला. मला त्याचा रागच आला.

तेव्हा आमच्या इमारतीत मोजकीच माणसं राहायची. बाकी दारांना कुलपं, तरी जिन्यात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. खाली शेताची बुजवलेली विहीर होती आणि एक बाभूळ. मजूर त्या सावलीत डबा खायलाही बसत नसत.

थोड्या वेळाने लक्षात आलं, बाळ हलत नाहीये. कुशीवर वळले, पाणी प्याले. काही नाही. घरी अजून फोन बसला नव्हता. नवरा स्कूटर काढून डॉक्टरीणबाईंना आणायला पळाला.

सासऱ्यांनी डबा धुतला. लिंबू कापलं, नवं अंडं फोडलं, दाट फेस येईपर्यंत डबा हलवत राहिले. पेल्यात बर्फ घालून खाली गेले. मी बाल्कनीतून बघत होते. पेला बाभळीखाली ठेवून त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, चक्क हिंदीत. इथल्या राखणदाराला मालवणी कुठून कळणार?

"महाराज, हम आपकी जगह में बिना पूछे आए. लड़का नादान है. बहू के पेट में बच्चा है, सँभालो. जब तक यहाँ हैं, पहला गिलास आपका."

गावी अशा वेळी भोवतीची माणसं होकार देतात. इथे कुणी नव्हतं. ते तसेच थांबून राहिले. शेवटी मीच वरून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

पोटात लाथ बसली. मी कठडा धरून रडले.

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, होतं असं, बाळं झोपतात. मी मान डोलावली. त्या गेल्यावर सासरे खाली जाऊन पेला घेऊन आले. मे महिन्याच्या उकाड्यात तो इतका वेळ होता. दारू संपलेली होती आणि बर्फाचे खडे जसेच्या तसे.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा आम्ही फ्लॅट विकायला काढला. सासरे गेले होते. पेला आता मी ठेवायची. घर बघायला आलेल्या बाईंना सगळं पसंत पडलं. सोबत त्यांची सून होती, दिवस भरत आलेली. ती बाल्कनीत जाऊन खाली बाभळीकडे बघत उभी राहिली.

मी बाईंना विचारलं, "आपके यहाँ कोई पीता है?"

"राम राम! कोई छूता तक नहीं."

मी बाल्कनीतल्या त्यांच्या सुनेकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत नवरा उठला आणि बाल्कनीचं दार बंद करत म्हणाला, "माफ़ कीजिए जी, हमें मकान नहीं बेचना."