मृत्यूचं कारण

बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि थेट साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. महापालिकेच्या ऑफिसात पावसाळ्याआधीची मीटिंग सुरू होती. मी कोपऱ्यात कॉम्प्युटरवर. कंत्राटी ऑपरेटर. माझा बाप आज इथे येणार हे मला ठाऊक नव्हतं. नागपूरच्या नाल्यांतला गाळ उपसण्यात त्यांची सारी हयात गेली होती.

"साहेब, लग्नाच्या लॉनवाल्यानं भिंत नाल्यात घेतली. आता पाणी आमच्या गल्लीत घुसन. पाऊस पहिल्यासारखा नाही राहिला. महिन्याचा पाऊस एका दुपारी पडून राहिला. आमच्या इथं पाच बुढे-बुढ्या खाटेवर हायेत. त्याहिले आधी काढा लागन."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते.

"बाबाजी, नाल्यात उतरणं वेगळं आणि पाणी समजणं वेगळं. त्याला इंजिनिअर लागतो."

सगळे हसले. मीही हसलो.

कोणी जबरदस्ती केली नव्हती. ते हसू माझंच होतं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

"आमच्या वस्तीतले आहेत," मी म्हटलं.

घरी बाबांनी "जेवला का गा?" एवढंच विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जुलैत एका दुपारी आभाळ फाटलं. ऑफिसातले फोन थांबेनात. कुणाच्या बेसमेंटमध्ये गाडी बुडाली, कुणाची लिफ्ट बंद पडली. मी एकेक तक्रार नोंदवत होतो. तेवढ्यात बाबांचा फोन.

"पाणी घरात आलं. अनसूयाबाईले माह्याच्यानं एकट्यानं उचलणं होत नाही. पोरं सारी कामावर गेली. ये लवकर."

अनसूयामावशी आमच्या शेजारी एकटी राहायची. लकवा झाल्यापासून खाटेवर. लहानपणी माय कामावर गेली की मी तिच्याच ताटात जेवायचो.

"साहेबाले विचारतो," मी म्हटलं.

विचारलं. साहेब म्हणाले, "मग इथं कोण बसेल?"

मी बसलो. तासभर बसलो. गाड्यांचे नंबर टाइप करत.

पोचलो तेव्हा गल्लीत छातीभर पाणी होतं. मावशीच्या घरात बाबा खाटेवर उभे होते. पाणी त्यांच्या कमरेला. तिच्या काखांत हात घालून त्यांनी तिचं डोकं पाण्यावर ठेवलं होतं. पण तिचं तोंड उघडं होतं, डोळे उघडे होते. मी तिला उचललं तेव्हा कळलं, ती केव्हाच गेली होती.

"एकदा हात सुटले गा माहे," बाबा म्हणाले. "एकदाच सुटले."

बहात्तर वर्षांचे हात. त्या वेळी माझे हात कुठे होते, ते त्यांनी विचारलं नाही.

दोन दिवसांनी वस्तीचा अहवाल माझ्याच टेबलावर आला. मृत्यूच्या कारणाचा रकाना रिकामा होता.

"वय काय होतं म्हातारीचं?" साहेबांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"लकवाही होता ना? वृद्धापकाळ टाक. पाणी लिहिलं की त्या भिंतीपर्यंत जातं प्रकरण."

माझी बोटं सवयीनं चाललीसुद्धा. 'वृद्धा' एवढं उमटलं. आणि मला माझीच किळस आली. मी ते पुसलं.

"ती बुडून मेली, साहेब."

"तू होतास तिथं?"

"नव्हतो. माझा बाप होता. याच खुर्चीतून तुम्ही ज्यांना पाणी शिकवलं, ते."

खोलीत कोणी हसलं नाही. मी लिहिलं, पुराच्या पाण्यात बुडून. प्रिंट काढली आणि साहेबांसमोर ठेवली.

महिनाअखेर कंत्राट संपलं, पुढे मिळालं नाही. मी पोलिसांत जबाब दिला. भिंत कुणी बांधली, बाबा काय सांगायला आले होते, कोण कोण हसलं, सारं त्यात आहे. लॉनवाल्याचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. जबाब बदल म्हणतो, नोकरी लावून देतो म्हणतो.

बदलणार नाही. त्या जबाबात मी माझंही नाव दिलंय. हसणाऱ्यांत एक, आणि बोलावलं तरी न गेलेला म्हणून. ते नाव मी कोणाला खोडू देणार नाही.