करुणाचा ओपन सोर्स

आपल्याकडं ‘सोर्स’ या शब्दाचा अर्थ शाळेत शिकवावा लागत नाही. सोर्स म्हणजे वरपर्यंत हात पोचलेला माणूस. तो असला की बदली थांबते, नोकरी लागते, आणि नसला की आपण म्हणतो, सोर्स नव्हता ना. कळस गावच्या करुणा ओहोळला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बरीच वर्षं पुण्यात राहून आलेली, विसरली.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली ही मुलगी पुण्यातल्या कंपनीनं गाशा गुंडाळल्यावर गावी परतली. घरात ती आणि वडील सोमनाथआबा, रिटायर झालेले वायरमन. आई कधीच गेलेली. करुणा सकाळी नोकरीचे अर्ज पाठवायची आणि उरलेला दिवस लॅपटॉपसमोर काढायची. जगभरातली माणसं मिळून आकडेवारीचं एक सॉफ्टवेअर बनवत होती. कुणीही फुकट वापरावं, कुणीही उघडून दुरुस्त करावं. त्यातला एक कोपरा तिनं अंगावर घेतला होता. पाहणीत एखाद्यानं एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, की ते सॉफ्टवेअर त्या अख्ख्या माणसालाच हिशेबातून बाद करायचं. करुणाला हे पटेना. एक जागा कोरी राहिली म्हणून माणूस कसा काय बाद? ती त्याच्याशी झुंजत बसायची. फिनलंडमधला कुणीतरी तिचं काम तपासून ‘छान, घेतलं’ एवढं लिहायचा. कधी कधी आठवडाभरात तिच्याशी धड बोललेलं तेवढंच माणूस.

बोलायला गावात माणसं नव्हती असं थोडंच? पण ती लग्नाचं विचारायची, नाहीतर नोकरीचं. दोन्हीकडं नन्नाच. मग करुणा विहारात जायचंही टाळू लागली. तिला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायचं कुणाला हाही प्रश्नच होता.

एकदा आबांनी विचारलं, “दिवसभर काय करती गं?”

मान वर न करता ती म्हणाली, “ओपन सोर्सचं काम आहे, आबा.”

आबांनी ते तसंच उचललं आणि स्टँडवरच्या मोहनरावांच्या हॉटेलात नेऊन पोचवलं. झालं! लोकांचा सोर्स लपूनछपून असतो, ओहोळांच्या पोरीचा तर उघड उघड. गावात ती एकदम वजनदार झाली.

दुसऱ्याच दिवशी शेजारची बानूबाई पदराखाली डाळिंबं घेऊन आली. “पोरी, आमच्या निकितासाठी तेवढा तुझा सोर्स लाव की. नर्सिंग करून घरीच बसलीय.”

करुणा आधी हसली आणि तिथंच चुकली. मग तिनं नाना परींनी समजावून पाहिलं. बानूबाई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “न्हाय म्हण सरळ. हसायचं कशाला?” करुणाची आई गेल्यावर तिची वेणी घालणारी बाई ती. डाळिंबं ठेवून गेली, पण पुन्हा उंबऱ्यात आली नाही.

करुणा आबांवर चिडली. “काय सांगत सुटलाय तुम्ही? माझा कुठं कसला सोर्स? फुकट काम करते मी.”

“म्हंजी कुणीच न्हाय व्हय?” आबा हळूच म्हणाले. “मला वाटलं, आतनं काहीतरी चाललंय तुझं. म्हनून मी कायी बोलत नव्हतो.”

गावाचं सोडा, बापही त्याच आशेवर होता. करुणाला तेव्हा रडू आलं.

पुढच्या आठवड्यात बारामतीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायच्या जागेसाठी मुलाखत होती. तिनं सॉफ्टवेअरचं काम मन लावून सांगितलं. समोरच्या सरांनी विचारलं, “पगार किती होता?”

“नव्हता, सर.”

“मग अनुभवात धरता येणार नाही.”

संध्याकाळी एसटीतून उतरली, तर आबा हॉटेलात रस्त्याकडं पाठ करून बसलेले. मोहनराव गल्ल्यावरून त्यांना छेडत होते, “काय सोमनाथराव, पोरीच्या सोर्सचं कुठवर आलं? का नुसतीच हवा?”

आता आबांना सगळं माहीत होतं. तरी ते म्हणाले, “हाय की. परदेशातली मोठी मानसं हायती. तिच्याबिगर पान हलत न्हाय त्यांचं. वेळ लागतो अशा कामाला.”

उभ्या जन्मात आकडा टाकून वीज घेणाऱ्याला पाठीशी न घातलेला माणूस भरल्या हॉटेलात तिच्यासाठी धडधडीत खोटं बोलत होता. मागच्या मागं निघून जावं असं करुणाला वाटलं, पण मोहनरावांनी तिला पाहिलं होतं. “ये गं. झालं का बारामतीचं?”

आबा वळले. तिचा चेहरा बघून त्यांना कळायचं ते कळलं.

करुणा त्यांच्याजवळ जाऊन बसली. “आबा म्हणतात तसंच आहे,” ती म्हणाली. “वेळ लागतोय.”

मोहनरावांनी लगबगीनं स्पेशल चहा सांगितला. तो दोघांनी प्यायला. घरी जाताना वाटेत कुणीच कुणाला काही विचारलं नाही.