टीनशेडचं कुलूप

दर सोमवारी मी महाकालाच्या दर्शनाला जात असे, पण खरं सांगायचं तर हात गाभाऱ्याकडे जोडलेले आणि लक्ष बाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे, अशी माझी भक्ती होती. रामघाटावरचा पंडा संकल्प सांगू लागला की हा मधले दोन मंत्र गाळत तर नाही ना, अशी मला शंका येई. दूधवाला, पोस्टमन, शेजारी, कुणावरच माझा भरवसा नव्हता. आई म्हणायची, "अरे, तू ताकसुद्धा फुंकून पितोस, पण तुला दुधानं कधी भाजलं होतं ते तरी सांग." आता वय झाल्यावर हे लिहितो आहे ते त्या स्वभावाची वकिली करायला नव्हे. तो कुठे आणि कसा मोडला तेवढं सांगायचं आहे.

काळही तसाच होता. मध्य भारत हे राज्य जाऊन त्याच्या जागी मोठा मध्य प्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, कुणाची कुठे बदली होईल याचा नेम नाही, अशी बोलणी टावर चौकापासून देवास गेटपर्यंत चालू होती. आमची घराणी ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीत माळव्यात आली, त्यालाही पाच पिढ्या झाल्या. तरी त्या दिवसांत चहाच्या दुकानात मी मराठीत बोललो की शेजारचा माणूस मान वळवून पाहतो, असं मला वाटायचं. आता कळतं, तो बहुधा चहा कुठे अडला हे पाहत असावा.

मी शाळेत भूगोल शिकवत असे, आणि हेडमास्तरांनी शाळेचं स्काउट पथकही माझ्याच गळ्यात बांधलं होतं. उन्हाळ्यात पाच दिवसांचं शिबिर ठरलं: शहरापासून दोन कोसांवर, शिप्रेच्या काठच्या माळावर, तीन टोळ्यांतली चोवीस मुलं आणि मी. निघायच्या आदल्या दिवशी विनायकची आई घरी आली. फ्रीगंजातल्या मराठी घरांना पापड-लोणची करून देऊन ही विधवा बाई आपल्या एकुलत्या एका मुलाला शिकवत होती. चौदा वर्षांचा विनायक माझ्या पथकात टोळीनायक होता. ती दारातच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, याला पाठवायला जीव होत नाही. पण सगळे सांगतात, गुरुजी प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा तपासतात. म्हणून आपल्या भरोशावर सोडते आहे." मला फार बरं वाटलं. माझ्या संशयी स्वभावाचं तोवर कुणी कौतुक केलं नव्हतं.

माळावर एक जुनं टीनशेड होतं. दगडी चौथरा, लाकडी खांब, तीन बाजूंना आणि वर पत्रा, समोर भक्कम चौकटीचं दार. आमचा शिधा आणि मुलांच्या पेट्या आम्ही तिथे ठेवल्या. वादळ आलं तर काय करायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं. तीन लांब शिट्ट्या झाल्या की हातातलं काम सोडून सगळ्यांनी टीनशेडमध्ये यायचं. पहिल्याच दिवशी मी मुलांकडून ते चार वेळा करवून घेतलं.

त्याच संध्याकाळी तो आला. नदीच्या पात्रात उन्हाळी खरबुजांच्या वाड्या होत्या, त्यांची राखण करणारा साठीतला माणूस. उजव्या खांद्यावरून खालपर्यंत गमछा सोडलेला आणि डाव्या काखेत दोन खरबुजं. आमच्या मुलांना स्काउटच्या रिवाजाप्रमाणे डाव्या हातानं हस्तांदोलन करायची सवय लागली होती, आणि नवीन शिकलेली गोष्ट मुलं दिसेल त्याच्यावर करून बघतात. गावातली माणसं त्यांचा पुढे आलेला डावा हात पाहून हसायची, नाही तर रागवायची, "उल्टा हाथ देता है?" म्हणून. या माणसानं मात्र खरबुजं खाली ठेवली आणि विनायकचा हात चटकन आपल्या डाव्या हातात घेतला. मग एकेक करून चोवीस मुलांनी त्याला हात दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलं खूश झाली आणि मी सावध झालो. खरबुजाच्या राखणदाराला स्काउटचा हात कसा ठाऊक? कुठेतरी पाहून शिकला असेल, पोरांचा विश्वास मिळवायची युक्ती असेल. डोळ्यांतलं पाणी तर मला अगदीच जास्त वाटलं. आणि त्या गमछ्याखाली उजव्या हातात हा काय लपवतो? मी खरबुजं मुलांना देण्याआधी स्वतः कापून, चाखून पाहिली. गोड होती, त्यामुळे संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं नदीवर असताना मी परत आलो, तर हा माणूस टीनशेडच्या आत. एका खांबाला खांदा लावून तो ढकलून बघत होता. मी दारातूनच ओरडलो. तो शांतपणे बाहेर आला आणि म्हणाला, "माट्साब, इस टीन के भरोसे मत रहना. खंबे दीमक खा गई. आँधी आवे तो छोरों को नाले में ले जाना."

आमच्या तंबूंच्या पलीकडे एक कोरडा, खोल नाला होता, त्याच्याबद्दल तो बोलत होता. मला त्याचा डाव लख्ख दिसला. वारा सुटला की मुलं नाल्यात जातील, टीनशेड मोकळं राहील आणि हा आमचं तूप, साखर, कंदील घेऊन चालता होईल. मी त्याला चोर म्हटलं. सरळ, तोंडावर. पुन्हा दिसलास तर चौकीवर देईन, असंही म्हटलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो भांडला नाही. "ठीक है," म्हणाला. "नाला मैंने छोरों को दिखा दिया है. पेट के बल लेटना भी बता दिया."

म्हणजे पोरांना यानं आधीच फितवलं होतं. मी संध्याकाळी मुलांना बजावलं की त्या माणसाशी बोलायचं नाही आणि नाल्याचं नाव काढायचं नाही. शहरातून आणलेलं मोठं पितळी कुलूप टीनशेडला घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. खांबांना वाळवी लागली आहे का, ते मात्र मी तपासलं नाही. सगळं दोन-दोनदा तपासणाऱ्या माणसानं तेवढं एक तपासलं नाही, कारण ते 'त्यानं' सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवा एकदम पडली. पान हलेना. पश्चिमेकडे आभाळ पिवळट काळं झालं आणि नदीपलीकडे जमिनीपासून ढगापर्यंत एक काळा खांब उभा राहिला. मला आधी तो धूर वाटला. मग तो फिरताना दिसला. भूगोलाच्या मास्तरनं मुलांना पुष्कळ वेळा फळ्यावर काढून दाखवलं होतं, पण असलं चक्रीवादळ उघड्या डोळ्यांनी मी प्रथमच पाहत होतो. मी तीन लांब शिट्ट्या मारल्या आणि कुलूप उघडायला टीनशेडकडे धावलो.

जानव्यातून किल्ली सोडवली, पण घाईत ती लागेना. मागे वळून पाहिलं तर एकही मुलगा माझ्याकडे येत नव्हता. तिन्ही टोळ्या रांगेनं, धक्काबुक्की न करता, नाल्याकडे धावत होत्या. विनायक सर्वांत मागे होता. तो क्षणभर थांबला, माझ्याकडे तोंड करून त्यानं सलाम केला आणि पुन्हा धावत सुटला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पोरांनी माझा हुकूम मोडला होता, आणि तोही त्या चोरासाठी. त्यांना कान धरून परत आणायचं म्हणून मी किल्ली तिथेच टाकून त्यांच्यामागे धावलो. मी वाचलो तो रागामुळे वाचलो. त्यात माझं काही पुण्य नव्हतं.

नाल्याच्या काठावर पोचतो तोच पाठीमागून असा आवाज आला की मी खाली पडलो की ढकलला गेलो, ते मला आजही सांगता येत नाही. धुळीनं दिवस विझला. खाली मुलं पालथी झोपली होती, तोंडं जमिनीकडे, शेजारच्याचं मनगट पकडून. त्यांच्यात तो राखणदारही होता. वाडीवरून धावत आला होता आणि दोन लहान मुलांवर आडवा झाला होता. विनायकनं ओरडून गिनती घ्यायला लावली. एक, दोन, तीन करत आवाज पुढे गेले आणि तेविसावर थांबले. बन्सी नव्हता. पथकातला सर्वांत लहान. त्या दिवशी स्वयंपाक त्याच्याकडे होता, आणि पेटती चूल सोडून स्काउट जात नाही, हे मीच शिकवलं होतं. तो चुलीवर माती टाकत मागे राहिला होता.

पंधरा-वीस पावलांवर एका चिंचेच्या मुळाला मिठी मारून बसलेलं त्याचं खाकी अंग अधूनमधून धुळीत दिसत होतं. मी काही बोलायच्या आत मुलांनी गळ्यातले स्कार्फ सोडून एकाला एक बांधायला घेतले. एरवी मी शंभरदा शिकवूनही चुकणारी गाठ त्या अंधारात एकाचीही चुकली नाही. विनायकनं साखळीचं टोक कमरेला बांधलं. मी म्हणालो, "तू नाही, मी जातो." तो म्हणाला, "सर, आपण जड आहात, आपल्याला ओढता येणार नाही. आपण धरून ठेवा." आणि तो पोटावर सरपटत वर गेला.

साखळी मी धरली आणि माझ्या मागे तिचं शेवटचं टोक त्या माणसानं धरलं. बाकी सगळी मुलं, तीही लहान; मोठी माणसं आम्ही दोघंच. खोटं कशाला सांगू, त्याही क्षणी माझ्या मनात आलं, यानं सोडलं तर? काल ज्याला मी चोर म्हटलं, त्यानं का धरून ठेवावं? त्या बाईचा एकुलता एक मुलगा त्या कापडाच्या टोकाला होता. मी देवाला हाक मारली. जन्मात पहिल्यांदा चपलांची आठवण न ठेवता मारली. "महाकाला, माझ्यानं होणार नाही, तू धर."

तेवढ्यात एक फांदी येऊन माझ्या खांद्यावर बसली आणि माझे दोन्ही हात सुटले. साखळी हातभर सरकली आणि थांबली. मी मागे पाहिलं. त्यानं ती डाव्या मनगटाला तीन वेढे देऊन दातांतही धरली होती. पाय दगडाला रोवलेले. गमछा उडून गेला होता आणि उजवा हात मनगटापाशीच संपत होता. तिथे पंजा नव्हता. मी पुन्हा साखळी पकडली. मग आम्ही दोघांनी ओढलं, आणि विनायक बन्सीला छातीशी धरून आमच्या अंगावर येऊन पडला.

वादळ गेलं तेव्हा गिनती चोवीस भरली. दोघांची ढोपरं फुटली होती, बाकी सगळे धड. तंबू कुठे गेले ते कळलं नाही. टीनशेडचा पत्रा नदीपलीकडे पडला होता, खांब मुळाशी मोडले होते आणि मधला जाड वासा खाली येऊन मुलांच्या लोखंडी पेट्या पापडासारख्या चपटल्या होत्या. दाराची चौकट तेवढी उभी होती. तिला माझं कुलूप तसंच लटकत होतं, बंद.

मी विनायकला विचारलं, "माझी शिट्टी ऐकून तुम्ही तिकडे का गेलात?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, ते पण स्काउट आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी डावा हात दिला. योद्धा ढाल खाली ठेवून डावा हात देतो, म्हणजे भरोसा देतो, हे आपणच सांगितलं होतं."

पोरांची चूक झाली होती. त्याला दुसरा हातच नव्हता.

संध्याकाळी मी त्याच्या वाडीवर गेलो. वेल मुळासकट गेले होते, तो रिकाम्या वाळूत बसला होता. मी माफी मागितली. त्यानं शेजारची वाळू हातानं सारखी करून मला बसायला खुणावलं. मग म्हणाला, "मिल के पट्टे में हाथ गया, बारा साल हुए. तब से कोई हाथ नहीं मिलाता, माट्साब. असगुन मानते हैं. आपके छोरों ने देखते ही उल्टा हाथ आगे किया, कि बुड्ढे को सरम ना आवे. चौबीस के चौबीस ने. तब मैंने सोचा, इन पर आँच नहीं आने दूँगा."

मुलांना त्याचा हात दिसलाच नव्हता. त्यानं त्यांना दयाळू समजलं, त्यांनी त्याला स्काउट समजलं, आणि दोन्ही बाजूंच्या या गैरसमजातून चोवीस जीव वाचले. बरोबर होतो तो एकटा मीच. तो स्काउट नव्हता, हे मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं. माझ्या त्या खरेपणानं मी सगळ्यांना वाशाखाली नेऊन बसवलं असतं. मी हे ना त्याला सांगितलं, ना मुलांना.

निघताना मी डावा हात पुढे केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. त्याची नजर मला ओळखीची होती, आरशात रोज पाहिलेली. मी हात तसाच धरून उभा राहिलो. शेवटी त्यानं तो घेतला.

विनायकला मी त्याच्या आईच्या हाती सोपवला तेव्हा तिनं माझ्या पाया पडायला वाकू पाहिलं. मी मागे सरलो आणि म्हणालो, "बाई, मी काही केलं नाही. मी फक्त एक कुलूप लावलं होतं." तिला ते समजलं नाही. तिनं लोणच्याची बरणी पाठवली, आणि मी ती न चाखता, न हुंगता सरळ पानात वाढून घेतली.

देवानं मला कोणतं दर्शन दिलं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आपण धरून ठेवलेलं सुटतं आणि तरी ते पडत नाही, एवढं मी एकदा पाहिलं. मागे कोण धरून आहे हे तेव्हा मला कळलं, नेहमी कळतंच असं नाही. हल्ली सोडून द्यायला तितकं जड जात नाही, यालाच मी देवाची कृपा समजतो. ते पितळी कुलूप आमच्या देवघरात खालच्या पायरीवर आहे. किल्ली त्या माळावरच कुठेतरी पडली. सूनबाई सुरुवातीला विचारायची, "बाबा, याला गंध लावायचं का?" मी म्हणायचो, गंध नको, नुसतं पुसून ठेव.